एका घोंगडीचा आणि राज्यातील एकुलत्या एका श्रीमंताचा वृत्तांत

श्री. ज्याने म्हातारपण दिले आणि त्याच्या जोडीला थंडीही दिली, त्या देवास नमस्कार असो. शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची सोय नाही, तेथील लोक अजून हयात आहेत. त्या राज्यात थोरल्या महाराजांनी शिरस्ता घातला होता की, साठी उलटलेल्या प्रत्येक मनुष्यास दर हिवाळ्यात दरबारातून एक घोंगडी मिळावी, आणि ती घेण्यास ज्याने त्याने स्वतः चावडीवर येऊन एका पंगतीत बसावे, मग तो सरदार असो की मोळीविक्या. तेणेप्रमाणे म्हातारी मंडळी बसत आणि कोणाचे गुडघे अधिक दुखतात यावर भांडत आणि घोंगडी मांडीवर पडली की उठत.

त्या पंगतीत भागाई कुंभारीण बसली होती. धनी जाऊन सात वर्षे जाहली होती, मूलबाळ नव्हते, चाक थांबले होते, लोकांची जोंधळ्याची कणसे खुडून पोट भरीत असे. तिचे शेजारी मल्हारपंत पोतनीस येऊन बसले. राज्याचा खजिना यांचे हाती, आणि सारावसुलीही यांचेच हाती. पंत मेण्यातून उतरले, अंगात रुईभरली बंडी, बंडीवर शाल, शालीवर दुसरी शाल, आणि हात पुढे. भागाईस राहवेना. म्हणाली, "पंत, ही घोंगडी घालायची कुठं? वर जागा हाय का?"

पंत म्हणाले, "हक्क आहे, भागाई. साठी तुझी झाली तशी माझीही झाली."

"साठी झाली, पर थंडी कुठं झाली? तुमच्या कुत्र्याला घालाल न्हेऊन. आमच्यासारख्याला दोन द्या म्हणावं, ह्यास्नी कशाला?"

पंगत हसली. मागे दिनकरपंत कारभारी उभे होते, त्यांनी हे ऐकिले आणि त्यांचे डोक्यात उजेड पडिला. त्यांनी ते बोलणे उचलून थेट महाराजांचे कानी घातले आणि वर आपले नाव लाविले. महाराज प्रसन्न जाहले. वाटप तेथेच थांबले आणि आज्ञा जाहली की धनवंतांस घोंगडी बंद, गरिबांस दोन. भागाईने हे ऐकिले आणि दोन दिवस मान ताठ ठेवून पाणी भरिले.

मग दरबारात प्रश्न पडिला की धनवंत ओळखावा कैसा. चार दिवस खल जाहला. एक म्हणे पोट पाहावे, दुसरा म्हणे जोडे पाहावे, आणि तिसरा म्हणे शपथ घ्यावी, त्यास सर्व हसले. तेव्हां मल्हारपंत पोतनीस उठोन बोलिले, "इतकी यातायात कशास? ज्याचे घरावर कौले तो धनवान, गवत तो गरीब. कारकुनाने रस्त्यातून वर पाहावे आणि पुढे जावे. कोणाचे घरात शिरण्याचे कारण नाही." घरात शिरण्याचे कारण नाही, हे सर्वांस फार आवडले. दवंडी पिटली की आठा दिवसांनी पाहणी होईल.

ते आठ दिवसांत राज्यात जे जाहले ते पूर्वी जाहले नव्हते. वाडेवाल्यांनी कौलांवर गवत शाकारिले. सावकारांनी शाकारिले, देशमुखांनी शाकारिले, आणि पोतनिसांनी तर एवढे शाकारिले की रानातल्या शेळ्या भिंतीवरून चढून छपरावर चरू लागल्या आणि पंतांच्या सुना खालून हातात काठी घेऊन हाकलू लागल्या. गवत इतके महागले की पागेतील घोडी उपाशी राहिली, आणि ज्यांची घरे मुळातच गवताची होती त्यांची गवते चोरीस जाऊ लागली.

आणि भागाईचे घर कौलारू होते. घर कसले, चार कुडाच्या भिंती आणि एक चूल. परंतु वर नळीची कौले, धन्याने स्वतः चाकावर घडविलेली, स्वतः भाजलेली. दर कौलाच्या टोकास त्याने ओल्या मातीवर आंगठा दाबून ठेविला होता. शेजारची चिमाक्का तेलीण धावत आली आणि म्हणाली, "भागे, ऊठ. चार पेंढ्या उसन्या आणल्यात, टाक वर."

"न्हाई."

"अगं मेली, दोन घोंगड्या जातील!"

"जाऊ देत. धनी गेला तवा त्याच्यावर माती टाकली, तेवढं बास झालं. आता त्याच्या आंगठ्यांवर गवत टाकू व्हय?"

"आंगठं पांघरून झोपणार हायेस का?"

यावर भागाई चिडली आणि तिने चिमाक्कास घरी जाण्यास सांगितले. आठवे दिवशी कारकून आला, वर पाहिले, आणि लिहू लागला. भागाई म्हणाली, "बाबा, आत बघ तरी एकदा. मडक्यात बघ."

कारकून म्हणाला, "आजी, मला वर बघण्याचा हुकूम आहे. आत बघितले तर माझी नोकरी जाईल."

पाहणीचा कागद दरबारी वाचिला. राज्यात समस्त गरीब, धनवान एकच, भागाई कुंभारीण. दरबार थक्क जाहला. महाराजांस वाटले, ऐसे रत्न आपल्या राज्यात आणि आपणास ठाऊक नाही! तत्काळ पालखी धाडिली. दोन प्रहरी भागाईस गादीवर बसविले आणि पोतनीस गरीब ठरल्यामुळे मागे खांबाशी उभे राहिले. महाराज बोलिले, "श्रीमंत भागाईसाहेब, किल्ल्याचा बुरूज पडला आहे. आपण हात द्यावा."

भागाई म्हणाली, "हात देते, म्हाराज. माती मळून देते. पर बोटं वळत न्हाईत. मला थंडी वाजती."

महाराजांनी हलके विचारिले, "श्रीमंतांस थंडी?"

"चूक माझीच हाय. मीच म्हणाले, पंतास्नी देऊ नका. अजून म्हणते, त्यास्नी गरज न्हाई. पर त्यास्नी गाळायला तुम्ही चाळण लावली आन् खाली मी पडले. त्यापरीस द्या त्यास्नी घोंगडी. सगळ्यास्नी द्या, डोळं झाकून द्या. मग सारा घ्यायला जाल तवा डोळं उघडा आन् पंतांच्या घरात शिरा."

खांबाशी पंतांस ठसका लागला. महाराजांनी आज्ञा केली की म्हातारी योग्य बोलते, घोंगडी पूर्ववत सर्वांस द्यावी. कारभारी कानाशी लागले की यंदाचे वाटप कागदाबरहुकूम सकाळीच उरकले, हुकूम पुढील सालापासून चालेल. भागाई म्हणाली, "पुढल्या साली मी हाय का न्हाई, तेबी कागदावर बघून सांगा."

कारभाऱ्यांनी कागद गुंडाळिला. परंतु दरबारचा रिवाज ऐसा की धनवंत मनुष्य भेटीस आला तर त्यास मानाचे वस्त्र दिल्यावाचून परत धाडू नये. आणि भागाई पुढील हिवाळ्यापर्यंत कागदोपत्री धनवंत होती. तेव्हां जरीचा शेला तिच्या खांद्यावर घातला. शेला सुंदर, ऊब काडीची नाही. भागाईने तो बोटांनी चाचपला आणि हसली आणि पालखी नको म्हणाली आणि चालत बाजारात गेली. तेथे एक धनगर घोंगड्या मांडून बसला होता, त्याच्यापुढे तिने शेला ठेविला. त्याने विचारिले, "आजी, शेला कुणाचा?"

"श्रीमंताचा."

"मग तू का देतीस?"

"मीच ती. गावातल्या घोंगड्या गरिबांनी न्हेल्या, मला ह्ये दिलं."

धनगराच्या पोरीचे लग्न होते. त्याने शेल्यास तीन घोंगड्या दिल्या. एक भागाईने अंथरिली, एक पांघरली, आणि तिसरी चिमाक्काच्या अंगावर टाकिली, कारण तिच्या घरचे गवत चोरीस गेले होते आणि कारकुनास वर ना कौल ना गवत, नुसते वासे दिसल्याने तिचे नाव कोठेच चढले नव्हते.

येणेप्रमाणे घडले. घोंगडी सर्वांस सुरू जाहली. कोणाचे घरात शिरून सारा घ्यावा हे पाहण्याचे काम मल्हारपंत पोतनिसांकडेच सोपविले, ते पाहत आहेत. भागाईस त्या हिवाळ्यात खोकला जाहला नाही. वृत्त इतकेच; याहून अधिक लिहिणे म्हणजे शाई नासणे.