खिडकी नंबर चारचा हात

"बाबा, काल मी अभिप्राय पेटीत चिठ्ठी टाकली," मुलीनं डबा भरता भरता सांगितलं.

वडिलांचा घास हातातच राहिला. "कशाबद्दल?"

"खिडकी नंबर चारबद्दल."

विद्यापीठाच्या खिडकी नंबर चारमागे गेली सव्वीस वर्षं हेच वडील बसत होते. खिडकीला दुधी काच होती आणि खाली हात बाहेर येईल एवढी फट. हजारो विद्यार्थी गुणपत्रिका, दाखले, नावातल्या दुरुस्त्या घेऊन त्या फटीशी वाकले होते. त्यांनी पाहिला तो फक्त हात. अंगठ्यावर शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा कायमचा डाग, करंगळी जरा वाकडी. हात बाहेर यायचा, अर्ज आत ओढायचा, पावती बाहेर ढकलायचा आणि आतून आवाज यायचा, "उद्या या." म्हणून त्यांचं नाव पडलं उद्याकाका. खरं तर सही करणारे साहेब दुसऱ्या इमारतीत बसत आणि कागद तिथून दुसऱ्या दिवशीच परत येई. पण हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

आज चार वाजता तपासणी समिती पेटी उघडून सगळ्यांसमोर चिठ्ठ्या वाचणार होती. बाहेरच्यांनी नावं ठेवली तर माणूस ऐकून घेतो. पोटच्या पोरीनंच लिहून दिल्यावर तोंड कुठं दाखवायचं? आजवर त्यांनी तोंड दाखवलंच नव्हतं ही गोष्ट वेगळी.

साडेतीनला उद्याकाका ग्रंथालयाच्या व्हरांड्यात पोहोचले. पेटी भिंतीला पक्की बसवलेली होती आणि तोंडापर्यंत भरलेली होती. त्यांनी झाकणातल्या फटीतून मनगटापर्यंत हात घातला. वरच पिवळा कागद दिसत होता, स्वयंपाकघरातल्या यादीच्या वहीतला. त्यांनी तो मुठीत पकडला, सोबत आणखी पाच-सहा आले, आणि हात अडकला.

मूठ सोडली असती तर हात सुटला असता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्याकाकांनी मूठ आणखी घट्ट केली.

"इथं काय मिळतं?" मागून एका मुलीनं विचारलं.

उद्याकाकांनी पेटी अंगानं झाकली.

"म्हणजे अजून उघडलं नाही," असं ठरवून ती त्यांच्या मागं उभी राहिली. या विद्यापीठात कुणाची पाठ दिसली की आधी मागं उभं राहायचं आणि रांग कशाची ते नंतर विचारायचं, हे पहिल्याच वर्षी अंगवळणी पडतं. दहा मिनिटांत व्हरांड्याच्या टोकापर्यंत रांग गेली.

"मी इथं सहा वर्षं काढली," जुनं प्रमाणपत्र न्यायला आलेला एक बँक अधिकारी सांगत होता. "चार वर्षं शिकलो, दोन रांगेत होतो. पण दिवस छान होते हो. शिक्षक भले, ग्रंथालय मोठं. आणि ही रांगेतच भेटली."

"खिडकी चारच्या," शेजारी उभी असलेली त्याची बायको म्हणाली. "तो 'उद्या या' म्हणाला म्हणून मी दुसऱ्या दिवशी आले, आणि पुढं हे उभे. त्या माणसाला काय म्हणायचं ते माझं अजून ठरलेलं नाही."

"माणूस कसला?" एक विद्यार्थी म्हणाला. "मशीन आहे ते. हात येतो, कागद ढकलतो, खेळ खलास."

उद्याकाकांना राहवेना. "सही साहेबांची लागते," ते पेटीकडे तोंड करून पुटपुटले. "साहेब दुसऱ्या इमारतीत असतात."

"तुम्हाला काय माहीत?"

"ऐकून आहे."

"मग तसं काचेवर लिहायला काय झालं?" मागची मुलगी म्हणाली.

खरंच, काय झालं होतं? सव्वीस वर्षांत हे आपल्याला सुचलं नाही, याचं उद्याकाकांना मनापासून वाईट वाटलं.

तेवढ्यात समिती आली. सोबत किल्ली घेऊन शिपाई होता, आणि मागं चिठ्ठ्या ऐकायला आलेल्या मुलांत त्यांची मुलगी.

"बाबा! तुम्ही इथं काय करताय?"

"रांगेत आहे," उद्याकाका म्हणाले.

शिपायानं झाकण उघडलं. झाकणासोबत हात वर आला. मूठ बंद, अंगठा जांभळा, करंगळी वाकडी. अख्खी रांग बघायला पुढं वाकली.

"खिडकी चार!" बँक अधिकारी म्हणाला आणि जुन्या सवयीनं त्यानं आपला अर्ज त्या हातापुढं धरला. सव्वीस वर्षांची सवय हातालाही होती. अर्ज घ्यायला मूठ उघडली आणि चिठ्ठ्या खाली पडल्या. समितीच्या अध्यक्षबाईंनी नेमका पिवळा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला.

"खिडकी चारची काच काढून टाका. आतला माणूस रोज घरी येऊन कुणाचं काम अडलं तेच सांगत बसतो. ज्या दिवशी कुणी रडून जातं, त्या दिवशी त्याला जेवण जात नाही. मी हे रोज बघते. बाकी कुणाला दिसत नाही, कारण मध्ये काच आहे."

उद्याकाकांनी मुलीकडं पाहिलं. ती भिंतीकडं बघत होती. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, आणि ते लपवायला आज समोर काच नव्हती.

"माझं ठरलं," बँक अधिकाऱ्याची बायको हलकेच म्हणाली. "आभारच मानायचे."

काच ताबडतोब काढावी, असा अध्यक्षबाईंनी जागेवरच शेरा मारला. ताबडतोब म्हणजे बांधकाम विभागात रीतसर अर्ज, खिडकी नंबर नऊ. उद्याकाका मुलीला घेऊन स्वतःच तिथं गेले. त्या खिडकीलाही दुधी काच होती. फटीतून एक हात बाहेर आला, बोटात जाड अंगठी असलेला. त्यानं अर्ज आत ओढला आणि पावती बाहेर ढकलली.

"उद्या या."

मुलगी चिडून काहीतरी बोलणार होती. उद्याकाकांनी तिला थांबवलं आणि ते फटीशी वाकले. सव्वीस वर्षांत ते या बाजूनं पहिल्यांदाच वाकत होते.

"साहेब दुसऱ्या इमारतीत बसतात का हो?"

पावती ढकलणारा हात फटीतच थांबला.

"तुम्हाला कसं कळलं?" आतून आवाज आला.

"येतो उद्या," उद्याकाका म्हणाले, आणि पावती घडी करून खिशात ठेवण्याआधी त्यांनी तो अंगठीवाला हात क्षणभर हातात घेतला.