सहा नंबर सोडायचा नाही

जगदाळे सिस्टरच्या वॉर्डात आपल्या आईजवळ बसायला मनाई आहे. दुसऱ्याच्या आईजवळ हवं तेवढं बसा.

हा नियम इंदूरच्या तुकोगंजातल्या त्या नर्सिंग होमच्या कुठल्याही भिंतीवर लिहिलेला नाही. तो फक्त जगदाळे सिस्टरच्या तोंडी आहे, आणि ते तोंड कोणी बंद केल्याचं ऐकिवात नाही. बाईंचे पूर्वज म्हणे संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, हुकूम तेवढा घराण्यात राहिला.

माझ्या आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती. इंदूरला त्या दिवशी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. अर्धं शहर रंगायला जातं, उरलेलं बघायला, आणि रस्ते बंद होतात. सकाळपाळीच्या नर्सेस जागोजाग अडकल्या. पोचल्या दोघीच, जगदाळे सिस्टर आणि पिंकी नावाची नवी मुलगी. पलंग मात्र सगळे भरलेले.

मी आईच्या उशाशी बैठक मारून बसलो होतो. तेवढ्यात हुकूम सुटला.

"भिया, उठा. तुम्ही सहा नंबर संभाळा. सलाइनची बाटली संपत आली की आवाज द्यायचा. गुप्ताजी, आप इनकी आई के पास!"

गुप्ताजींचं सराफ्यात कचोरीचं दुकान. त्यांच्या पत्नी तीन नंबरवर होत्या. येताना ते गेरमध्ये सापडले असावेत, कारण चेहरा कानापर्यंत हिरवा होता. या माणसाच्या हाती माझी आई द्यायची?

"सिस्टर, माझी आई मीच बघतो ना!"

"नाही चालणार. क्या है की भिया, आपल्या माणसाकडे बघितलं की डोळे भरतात. भरल्या डोळ्यांना बाटली नाही दिसत. चला, अदलाबदली!"

बघता बघता वॉर्डभर अदलाबदली झाली. गुप्ताजींच्या पत्नीच्या वाट्याला कॉलेजातली एक पोरगी आली, पोरीच्या आजोबांना रिटायर्ड हेडमास्तर मिळाले. सिस्टर मधूनच ओरडायच्या, "तीन नंबर, रिपोर्ट?" की पोरगी उभी राहून सांगायची, "सब ठीक!" हेडमास्तरसुद्धा उभे राहायचे.

माझ्या सहा नंबरवर मोरे नावाचे म्हातारे काका होते. छातीत कफ, अंगात ताप, डोळे मिटलेले, आणि भेटायला चिटपाखरू नाही. सिस्टर सगळीकडे फिरत, पण या पलंगाशी दर वेळी पिंकीलाच पाठवत. मला राग आला.

"यांचं कोणी येत नाही का हो? पोरं नाचतायत वाटतं गेरमध्ये!"

"मुलगी आहे," सिस्टर पलीकडच्या पलंगाला सलाइन लावता लावता म्हणाल्या. "येईल. ड्यूटीवर आहे ती."

मी मान वळवून आईकडे पाहिलं. शांत झोपली होती. जिवाला बरं वाटलं, आणि तेवढ्यात हिरवे गुप्ताजी ओरडले, "सिस्टर! अम्माजी पसीने में नहा गई हैं, हाथ बिलकुल ठंडे!"

"झोपलीय ती," मी म्हणालो.

सिस्टर धावल्या. आईला हाका मारल्या. तिने ओ दिली नाही. बोटाला सुई टोचून पाहिलं तर साखर पार खाली गेलेली. आईला मधुमेह. सकाळचं इन्सुलिन घेऊन आईसाहेबांनी पेज तशीच ठेवली होती.

"पिंकी, ग्लुकोज आण! हेडमास्तर, डॉक्टरांना फोन लावा! गुप्ताजी, हात घट्ट धरा!"

मी ताडकन उठलो.

"भिया, बसा! सहा नंबर सोडायचा नाही. बाटली बघा तुमची!"

बाटली खरंच संपत आली होती. "नळीवरचं चाक खाली फिरवून बंद करा," सिस्टरनी तिथूनच सांगितलं. पलीकडे माझी आई निपचित, आणि इथे मी परक्या म्हाताऱ्याच्या नळीवरचं चाक फिरवतोय. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. मोरेकाकांनी डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं.

"घाबरू नका भिया. ती आहे ना तिथे."

थोड्या वेळाने आईच्या पापण्या हलल्या. तिने डोळे उघडले. समोर हिरवं तोंड.

"अगंबाई, हा कोण राक्षस?"

सगळा वॉर्ड हसला. सगळ्यात मोठ्याने गुप्ताजी हसले, आणि हसता हसता त्यांच्या गालांवरचा रंग ओघळला. मी देवाचे आभार मानले. मग गुप्ताजींचे मानले.

दुपारी रस्ते खुले झाले. अडकलेल्या नर्सेस आल्या. जगदाळे सिस्टरनी सगळे पलंग त्यांच्या ताब्यात दिले, हात धुतले, गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं. मग त्या सरळ सहा नंबरपाशी आल्या, स्टूल ओढलं आणि मोरेकाकांच्या कपाळावर हात ठेवला.

"बाबा, ताप उतरला तुमचा."

गेरमध्ये नाचणारी पोरं मला आठवली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी उठायला लागलो.

"बसा भिया," त्या म्हणाल्या. सकाळपासून तो आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "ही नवी बाटली किती उरलीय, बघता जरा? मला नाही दिसत आहे."

मी मान वर केली. मलाही धड काही दिसेना.

शेवटी मी गुप्ताजींना हाक मारली.