नारूभाऊ घोड्यावरून जेवायला जातात

माणसानं मित्राकडे जेवायला जावं तर घोड्यावरूनच जावं, बाकी सगळं म्हणजे नुसतं पोचणं, असं नारूभाऊंनी २०१८च्या दसऱ्याच्या सकाळी जाहीर केलं. जाहीर करताना ते खाटेवरून उठायचा तिसरा प्रयत्न करत होते. चौथा प्रयत्न हंसाबाईंनी केला, तो यशस्वी झाला.

नारूभाऊंना संधिवात होता, तेवीस वर्षं. तलासरीच्या कचेरीत हेडक्लार्क असताना तो उजव्या हाताच्या बोटांतून आत शिरला. बदलीवर आलेला साहेब दोन-तीन वर्षांत जातो; हा कायम झालेल्या शिपायासारखा राहिला आणि हळूहळू गुडघे, खांदे, घोटे सगळी खाती सांभाळू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य मात्र गावानं दिलं. शेजारणीनं वांगं बंद केलं, मेव्हण्यानं दही आणि बेसन, पोस्टमननं वाल. डॉक्टर म्हणत, गोळी चुकवू नका, हालचाल ठेवा आणि बेतानं सगळं खा. पण डॉक्टर डहाणू रोडला आणि पथ्यवाले घरात. शेवटी नारूभाऊंच्या ताटात दुधीभोपळा आणि सहानुभूती एवढंच उरलं. दोन्हीला मीठ कमी.

आता जेवणाचं. चिखल्याला जिग्नेशची चिकूवाडी. दसऱ्याला तिथे तिघांनी जेवायचं, हा तीस वर्षांचा रिवाज: जिग्नेश, विनोद आणि नारूभाऊ, तिघेही शाळेत एकाच बाकावरचे. पुरी, बासुंदी, वालाची उसळ, आणि मग झाडाखाली खाटा टाकून गैरहजर माणसांची निंदा. दोन वर्षांपूर्वी नारूभाऊंच्या बोटांतून वाटी निसटली आणि बासुंदी विनोदच्या नव्या पँटवर गेली. सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं नारूभाऊ हसले. पुढच्या दसऱ्याला बोलावणं आलं नाही. दिवाळी उलटल्यावर जिग्नेशचा फोन आला, की तुला त्रास नको म्हणून नाही बोलावलं. या वर्षी आदल्या संध्याकाळपर्यंत फोन वाजला नव्हता, तेव्हा नारूभाऊंनी हिशोब केला की आता निंदा कोणाची होत असेल.

रिक्षानं जाता आलं असतं. पण रिक्षातून लोकांनी धरून उतरवलं असतं, खुर्ची आणली असती, उशी आणली असती आणि उशीबरोबर ती नजरही आणली असती. घोड्यावरच्या माणसाला उशी कोण देतो?

"पडलात तर?" हंसाबाईंनी विचारलं.

"उचलायला तिथे दोघं आहेत."

"आहेत की नाहीत, तेच बघायला चाललात ना," हंसाबाई म्हणाल्या आणि गोळीचं पाकीट त्यांच्या खिशात घातलं.

डहाणूच्या किनाऱ्यावर बारक्या घोडा फिरवतो. पन्नाशीचा, अंगानं नावासारखाच. त्याचा हिरो लग्नसराईत नवरदेव वाहतो आणि एरवी मुंबईचे पाहुणे. चिखल्यापर्यंत यायला बारक्या तयार झाला. लगाम धरणार नाही, दहा पावलं मागून चालेन, एवढी अटही त्यानं मान्य केली. वाळूत ओढून ठेवलेल्या होडीवर नारूभाऊंना आधी चढवलं आणि दोन मच्छीमारांनी ओलं जाळं चढवावं तसं त्यांना होडीवरून हिरोवर चढवलं. उजवा पाय पलीकडे जाईपर्यंत भरती सुरू झाली.

पण वर बसल्यावर मात्र नारूभाऊंनी चहूकडे पाहिलं. तेवीस वर्षं लोक त्यांच्याकडे वरून बघत होते. आज लोकांचे भांग दिसत होते, कुंपणापलीकडच्या वाड्या दिसत होत्या, सुरूच्या झाडांआडचा समुद्र दिसत होता. हिरो चालू लागला तसे कमरेतले सांधे कुरकुरले, मग सवय झाल्यासारखे डुलू लागले. पायांना जमिनीवर काहीच करायचं नव्हतं. नारूभाऊंना हसू आलं.

पहिल्या वस्तीवर हिरो थांबला. एका दारासमोर उभा राहिला, मान ताठ, जणू त्याचा फोटो काढायचाय. नारूभाऊंनी टाच मारायची ठरवली. टाचेनं नकार दिला.

"काय झालं याला?"

"तोरण आहे ना दारावर," मागून बारक्या म्हणाला. "लग्नाचा घोडा आहे, भाऊ. तोरण दिसलं की मांडव आला समजतो. ओवाळल्याबिगर आणि गूळ खाल्ल्याबिगर हलत नाही."

"हे आधी नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं, चावतो का. चावत नाही."

आज दसरा. डहाणूपासून चिखल्यापर्यंत झेंडूचं तोरण नसलेलं एकही दार नव्हतं.

पहिल्या घरातून ओळखीच्या रुपलबेन बाहेर आल्या. दसऱ्याला दारात घोडा म्हणजे शकुनच. त्यांनी घोड्याला ओवाळलं, गूळ दिला, आणि वरचा माणूस उपाशी कसा ठेवायचा म्हणून जिलेबी-फाफडा आणला. नारूभाऊंची बोटं लगामावर आवळून बसली होती, सुटेनात. रुपलबेननी घोड्याच्या खोगिराला हात टेकून, टाचा उंचावून त्यांना भरवलं. बेसन पोस्टमनच्या यादीत नव्हतं, मेव्हण्याच्या होतं. नारूभाऊंनी मेव्हण्याचं स्मरण करून दोन फाफडे जास्त खाल्ले.

दुसऱ्या घरी श्रीखंड. तिसऱ्या घरी दहीवडा, नंतर ताक, भरली वांगी, पुन्हा ताक. बारक्यानं एकदा सुचवलं की उतरून चालत घोडा ओढू. पण उतरवलेल्या नारूभाऊंना परत चढवायला होडी लागली असती, आणि वाटेतल्या नरपड गावच्या रस्त्यावर होडी नव्हती. शिवाय पायी आलेला नारू त्यांना चिखल्याला न्यायचाच नव्हता. ते वर राहिले आणि खात राहिले. इतकं चवीनं ते कित्येक वर्षांत जेवले नव्हते. फक्त एक वाजून गेला होता आणि जिग्नेशकडे एकला पानं मांडतात.

नरपडला बातमी त्यांच्या पुढे पोचली होती. वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेला माणूस नवसानं बरा झाला, आता घोड्यावरून दारोदार प्रसाद घेतो. लोक पाया पडायला आले. घोट्याला हात लागला की नारूभाऊ जीव खाऊन ओरडत. नवरात्र कालच उठलेलं. लोकांना वाटलं, अंगात आलं. मग जास्त लोक आले आणि जास्त जोरात पाया पडले.

गर्दीतून बुधीबाई पुढे आली. जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरलेली, आता दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. तिनं पायाला हात लावला नाही.

"कुठला देव पावला, भाऊ? मला पण सांग. मी चालत जाईन."

नारूभाऊंना कचेरीत चाळीस प्रकारची उत्तरं येत असत. त्यांनी सगळी चाचपली. "देव नाही, आजी. गोळ्या. आणि बरा नाही झालो, नुसता वर बसलोय."

बुधीबाईनं त्यांच्या लगामावरच्या बोटांकडे बघितलं. तिला ती बोटं ओळखीची वाटली असावीत. "मग बस वरच," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. तिच्यामागोमाग गर्दीही पांगली. देव नसलेल्या माणसाला ओवाळण्यात कोणाला रस नव्हता. गुळासाठी तर हिरो पुढच्या दारी पंधरा मिनिटं उभा राहिला.

चिखल्याला पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. वाडीत भांडी घासून पालथी घातली होती. झाडाखाली दोन खाटा होत्या. नारूभाऊंनी पुन्हा मोजल्या. दोनच. एकीवर विनोद घोरत होता, दुसरीवर जिग्नेश दात कोरत बसला होता.

जिग्नेश उठला. "अरे नारू! तू? आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

जिग्नेशला काय वाटलं होतं ते आठवेना. विनोद जागा झाला, त्यानं घोडा पाहिला आणि आधी आपली पँट सावरली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तोच म्हणाला, "जेवलास ना?"

"सतरा घरी जेवलो," नारूभाऊ वरून म्हणाले. "त्यातल्या सोळा घरांतलं कोणी मला ओळखत नव्हतं. त्यांनी मला हातानं भरवलं, मला त्रास होईल का ते कोणी विचारलं नाही. तुम्ही दोघं मला शाळेपासून ओळखता. माझा त्रास तुम्ही मला न विचारता ठरवलात, खाटसुद्धा काढून टाकलीत. मी काही मागायला आलो नाही. एवढंच सांगायला आलो, की यापुढे या दाराशी माझा संबंध संपला. तुमची बासुंदी तुम्हाला लखलाभ."

विनोद जमिनीकडे बघत राहिला. जिग्नेशच्या हातातली काडी खाली पडली. नारूभाऊंना जे हवं होतं ते सगळं त्या दोघांच्या तोंडावर उमटलं होतं. आता फक्त घोडा वळवून निघून जायचं होतं.

नारूभाऊंनी खोगिरावर जरा चुळबुळ केली, इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जिग्नेश, जरा इकडे ये. पाच घरचं ताक झालंय. मला खाली घे... आणि नाडी तुलाच सोडावी लागेल."