आपोआप झालं

संगणकाच्या पडद्यावर तो चौकोन पुन्हा वर आला, तेव्हा आस्थापना विभागाचे प्रमुख चहा पीत होते. नवी प्रणाली तयार आहे, आता बसवायची की नंतर, असं तो विचारत होता. गेले कित्येक दिवस ते इमानेइतबारे 'नंतर' दाबत आले होते. यंत्रं अपग्रेड करण्याचं काम संगणक विभागाचं, इतरांनी त्या वाटेला जाऊ नये, असं परिपत्रकच होतं आणि ते त्यांच्याच सहीनं निघालेलं होतं. परिपत्रकं काढायची त्यांना इतकी हौस, की माघारी सगळे त्यांना परिपत्रकसाहेब म्हणत.

पण आदल्या दिवशी जेवताना जावयानं सहज विचारलं होतं, बाबा, तुमच्याकडे अजून जुनंच चालतं का? ते साहेबांना लागलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि 'आता' दाबलं.

पडदा काळा झाला आणि त्यात एक गोल फिरू लागला. तो इतका वेळ फिरला, की साहेबांनाच गरगरायला लागलं. अखेर यंत्र जागं झालं आणि त्यानं पासवर्ड मागितला. दिला, तर चुकीचा म्हणालं. साहेबांनी एकेक अक्षर तोंडानं म्हणत पुन्हा दिला. वीस वर्षं ज्या खुर्चीत ते बसत होते, तिच्यासमोरचं यंत्र त्यांना ओळखच दाखवेना.

संगणक विभागातली तरुण इंजिनिअर आली. तिनं दोन-चार गोष्टी करून पाहिल्या आणि अदबीनं विचारलं, "साहेब, तुम्ही काही दाबलं होतंत का?"

तिथेच सगळं मिटलं असतं. पण तेवढ्यात टायपिस्ट बाई सहीचे कागद घेऊन आत आल्या. गेल्याच महिन्यात बाईंनी हेच बटण दाबलं होतं आणि साहेबांनी त्यांना उभं करून सगळ्या विभागासमोर ते परिपत्रक मोठ्यानं वाचायला लावलं होतं. आता त्यांच्यादेखत हो कसं म्हणायचं?

"छे," साहेब म्हणाले. "आपोआप झालं."

इंजिनिअरचा चेहरा उतरला. कुणीच काही दाबलं नसेल, तर बाहेरून कुणीतरी शिरलंय, असं ती म्हणाली. तिच्या विभागाच्या नियमात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. तिनं आधी साहेबांच्या यंत्राची वायर काढली, मग सबंध मजल्याचं नेटवर्क बंद केलं. प्रिंटर थांबले. पगारपत्रकं अर्धवट राहिली. माणसं उठून खिडक्यांपाशी उभी राहिली आणि हल्ला झाला म्हणे, असं एकमेकांना सांगू लागली. साहेबांच्या केबिनमध्ये जो तो धीर द्यायला येऊ लागला. कुणी पाणी आणून दिलं, कुणी पंखा वाढवला. प्रत्येक सहानुभूतीसरशी साहेब खुर्चीत थोडे आणखी खाली जात होते.

मग संचालक स्वतः खाली आले. या केबिनमध्ये कोण कोण येतं, अशी त्यांनी चौकशी केली. टायपिस्ट बाई येतात, असं कुणीतरी सांगितलं, आणि मागचं प्रकरणही लगोलग निघालं. चौकशी पुरी होईपर्यंत बाईंनी घरी थांबावं, असा हुकूम सोडून संचालक वर गेले.

बाईंनी खुर्ची मागे सारली. त्यांनी टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि डबा पिशवीत ठेवायला घेतला. साहेब काचेतून ते पाहत होते. ते उठले आणि जिना चढून संचालकांकडे गेले.

"ते बटण मी दाबलं होतं," ते म्हणाले.

संचालक गहिवरले. हाताखालच्या माणसासाठी एवढं कोण करतं, म्हणाले. साहेबांना घाम फुटला. त्यांनी चौकोन कुठे आला, जावई काय म्हणाला, कप कुठे ठेवला, सगळं सांगितलं. हळूहळू संचालकांचा गहिवर ओसरला.

"पण ते परिपत्रक कुणी काढलं होतं?"

"मीच."

संचालकांनी हातातला पेपरवेट टेबलावर ठेवला. मग त्यांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

बटण कुणी दाबलं ते कळल्यावर इंजिनिअरनं जुनी प्रणाली परत आणली. चहा गार व्हायला लागावा, तेवढ्या वेळात काम झालं. तिनं साहेबांकडे पाहायचं टाळलं, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं.

बाहेर टायपिस्ट बाई अजून पिशवीच भरत होत्या. साहेब सगळ्यांसमोर त्यांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही जाऊ नका. बटण मी दाबलं होतं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी इथूनच पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटत होतं." बाईंनी डबा पिशवीतून बाहेर काढला. "म्हणून तर केव्हापासून हा भरतेय आणि काढतेय."