पंपाशेजारचे तांबोळी

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तांबोळीसाहेबांनी ताटातला लाडू उचलला, शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढला आणि लाडवाचा व्यास मोजला. मग शेजारच्या ताटातल्या लाडवाचा मोजला. नवे व्याही तोंडातला घास तसाच ठेवून बघत होते.

"दोन मिलिमीटरचा फरक आहे," तांबोळीसाहेब मला म्हणाले. "टॉलरन्समध्ये नाही." आणि त्यांनी दोन्ही लाडू खाल्ले.

व्हर्नियर म्हणजे कारखान्यात सुट्या भागांची मापं घ्यायचं पोलादी हत्यार. टॉलरन्स म्हणजे मापात किती चूक चालवून घ्यायची त्याची हद्द. तांबोळीसाहेबांची उभी हयात एका कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली होती. दुसऱ्यांनी बनवलेलं नापास करायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना मनगटी घड्याळ भेट दिलं. ते दिवसाला चार सेकंद मागे पडतं म्हणून त्यांनी ते आठवड्याभरात परत नेऊन दिलं.

बिबवेवाडीत आम्ही एकवीस वर्षं समोरासमोर राहिलो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून ते मला 'ग्रंथपाल' म्हणत. माझं खरं नाव त्यांना माहीत असावं, असा माझा अंदाज आहे. त्यांचं घराणं चार पिढ्या पुण्यात, आणि मी बार्शीचा. त्यामुळे मी काहीही बोललो तरी "अहो, तुम्ही बाहेरचे" एवढ्यावर वाद मिटे. त्यांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, हे सगळं चाळीस वर्षं सोसलं होतं. पण एकदा त्यांनी चपातीला व्हर्नियर लावला तेव्हा भाभींनी लाटणंच त्यांच्या हातात दिलं. त्या दिवसापासून चपाती कायमची पास झाली.

इम्रान त्यांचा एकुलता एक मुलगा. हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत होता आणि तिकडेच भाड्याने राहायचा. ईद आणि लग्नकार्यं सोडली तर बिबवेवाडीला त्याचं दर्शन दुर्मिळ. त्याचा फोन मात्र दर शनिवारी सकाळी न चुकता यायचा, आणि तो यायचा पेट्रोल पंपाच्या रांगेतून. सबंध आठवड्यात तेवढाच वेळ त्याचा रिकामा असे. आमची दारं उघडी असत, त्यामुळे तो फोन मलाही पाठ झाला होता.

"गेटच्या बाहेर आहेस की आत?" दोनचार वाक्यं झाली की तांबोळीसाहेब विचारत.

"आत आलो अब्बा, पण अजून दोन गाड्या..."

"पंपाच्या आवारात मोबाईल वापरायला बंदी आहे. ठेव."

आणि स्वतःच फोन बंद करत. मग तो बंद फोन हातात धरून बराच वेळ बसून राहत.

"दोन गाड्या होत्या अजून," भाभी आतून म्हणत. "बोलला असतात तर काय पंप पेटला असता?"

"नियम म्हणजे नियम."

पुढे भाभींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. आमची इमारत बिनलिफ्टची आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे तांबोळीसाहेब घर शोधायला लागले. एजंटाने डझनभर फ्लॅट दाखवले. एकाच्या जिन्याची एक पायरी अर्धा सेंटिमीटर उंच निघाली. एकाच्या बाथरूममध्ये त्यांनी गोटी सोडली, ती जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे आली. एकाच्या हॉलचा कोपरा काटकोनात नव्हता. "इथे कपाट आयुष्यभर अवघडून उभं राहील," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला राहायचंय की परीक्षा घ्यायचीय?" एजंट शेवटी वैतागला.

"परीक्षा घेऊन मगच राहायचंय."

आणि अशा या माणसाने एक दिवस मला जिन्यात गाठून सांगितलं, "वाकडला एक लिफ्टचा फ्लॅट बघतोय. पेट्रोल पंपाला अगदी लागून. आमची गॅलरी पंपावरच उघडते."

मला आधी वाकडचा धक्का बसला आणि पंपाचा नंतर. बिबवेवाडीच्या माणसाने वाकडला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, राहायला जाणं हे आमच्याकडे परदेशगमनातच जमा आहे. मी भडाभडा बोलत सुटलो. वास येईल, हॉर्न वाजतील, टँकर येतील, उद्या कुणी काडी टाकली तर काय? तांबोळीसाहेबांनी खिशातून वही काढून माझा एकेक मुद्दा उतरवून घेतला.

"मुद्दे चांगले आहेत," ते म्हणाले. "बाहेरचे असून."

पुढचे आठ दिवस रोज सकाळी घडीचं स्टूल आणि चहाचा थर्मास घेऊन ते बस बदलत वाकडला गेले आणि पंपासमोरच्या फुटपाथवर बसून आले. आठव्या दिवशी, शनिवारी, मलाही नेलं. तपासणीच्या कागदावर दोन सह्या लागतात म्हणे. एकट्याच्या सहीने त्यांनी आयुष्यात काही पास केलेलं नव्हतं.

मी फुटपाथच्या कडेला बसून अहवाल वाचला. वास: टॉलरन्सबाहेर. हॉर्न: टॉलरन्सबाहेर. टँकर: टॉलरन्सबाहेर. धूळ, हवा भरायच्या यंत्राची टिंगटिंग, उजेड: सगळं बाहेर. सगळ्यात खाली लिहिलं होतं, रांग: उत्तम.

"रांग उत्तम म्हणजे?" मी विचारलं.

"लांब आहे. हळू सरकते."

"अहो, मग ते वाईट ना! मी याच्यावर सही करणार नाही," मी म्हटलं. उन्हाने माझं डोकं तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर समोरचं दार कायमचं बंद होणार याचाही मला राग आला होता. भाभींचा शीरखुर्मा आता कुणाकडे खायचा? या माणसाशिवाय मला 'बाहेरचा' तरी कोण म्हणणार?

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हां इम्रान, बोल." ते बोलत होते आणि समोर बघत होते. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. रांगेत सहावी गाडी इम्रानची होती. काच वर, फोन कानाला. आमच्यापासून फार तर चाळीस पावलांवर.

"काय करताय अब्बा?"

"काही नाही. बसलोय."

"घरीच ना?"

"हो."

एकवीस वर्षांत मी ऐकलेलं त्यांचं हे पहिलं खोटं. गाडी पुढे सरकत होती, तसतसे तेही स्टुलावर पुढे सरकत होते. त्यांनी हात हलवला नाही, हाक मारली नाही.

"गेटच्या आत आलास. ठेव आता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," म्हणून त्यांनी फोन बंद केला. इम्रानने पेट्रोल भरलं आणि तो निघून गेला. ते गाडी वळेपर्यंत बघत राहिले.

"त्याच्या सोसायटीतच घ्या की फ्लॅट," मी म्हटलं. माझा आवाज जरा खाली आला होता.

"अहो ग्रंथपाल, दारात येऊन बसलेले आईबाप म्हणजे अडचण. वाटेवरचे आईबाप म्हणजे सोय. पेट्रोल तर त्याला भरावंच लागणार ना?"

मी पेन मागितलं आणि सही केली.

ते वाकडला गेले. बेत फत्ते झाला. दर शनिवारी पेट्रोल भरून इम्रान वर यायला लागला. पण बूट काढायचा नाही. दारातच उभ्याने चहा, आईने डब्यात भरलेला डाळ-मटणाचा दालचा काखोटीला, आणि "येतो अब्बा". अकरा मिनिटं, क्वचित बारा. तांबोळीसाहेब मला फोन करून आकडा सांगत. मी म्हणे, "टॉलरन्समध्ये आहे का?" ते म्हणत, "बघू."

आणि मग तीन-चार महिन्यांनी इम्रान पेढे घेऊन आला. त्या दिवशी मी तिथेच होतो. त्याने विजेवर चालणारी गाडी घेतली होती.

"सुटलो अब्बा," तो दारातूनच म्हणाला. "आता पंपावर यायची कटकटच नाही!"

तांबोळीसाहेबांनी पेढा घेतला. मी त्यांच्या खिशाकडे बघत होतो. व्हर्नियर बाहेर आला नाही. "मुबारक," एवढंच ते म्हणाले. इम्रान गेल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली जिच्यासाठी सगळं नापास पास केलं होतं ती रांग होती. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच भाभींकडे गुडघ्यांची चौकशी करत बसलो.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "या. तपासणी आहे."

गेलो तर खाली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिशियन उभा होता. इम्रानच्या सोसायटीत चार्जिंगला परवानगी मिळत नव्हती आणि ऑफिसातल्या चार्जरपुढे कायम गर्दी, ही माहिती तांबोळीसाहेबांनी काढली होती.

"हा फास्ट चार्जर," इलेक्ट्रिशियन सांगत होता. "चार तासांत गाडी फुल्ल. आणि हा साधा पॉइंट, याला नऊ तास लागतील. साधा नका घेऊ काका, लोक कंटाळतात."

"नऊ? नक्की?"

"नक्की."

"साधा लावा."

"अहो काका, पण..."

"साधा," तांबोळीसाहेब म्हणाले आणि त्यांनी मला पेन दिलं.

त्या शनिवारी इम्रान सकाळी नऊला येतो म्हणाला आणि पावणेअकराला आला. दूधवाल्याला तीन मिनिटांसाठी फैलावर घेणारा हा माणूस. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. "टॉलरन्समध्ये आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

इम्रान गाडी खाली चार्जिंगला लावून वर आला आणि नेहमीसारखा दारात उभा राहिला. "किती वेळ लागेल अब्बा?"

"नऊ तास. काय करणार, इथलं वायरिंगच तसलं."

वायरिंग तीन दिवसांपूर्वीचं होतं, माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. मी चहात बिस्किट बुडवलं. आतून दालच्याला फोडणी दिल्याचा आवाज आला. इम्रानने मोबाईलमध्ये वेळ बघितली, मग बापाकडे बघितलं, आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

तांबोळीसाहेबांनी ते बूट उचलले आणि आतल्या कपाटात, अगदी मागच्या बाजूला, ठेवून दिले.