लोंबती वायर

जेवणाच्या टेबलावर जेवायची सवय त्या घरात मोडली होती. सुनेने तिथे नेटवर्कच्या जुन्या पेट्या मांडल्या होत्या. प्रत्येकीला ओळीने भोकं, भोकांत रंगीबेरंगी वायरी आणि वर लुकलुकणारे हिरवे दिवे. घरचं नेटही त्यांतूनच जाई. नेटवर्किंगच्या एका बड्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती, आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी. मुद्दाम केलेला बिघाड ठरलेल्या वेळात शोधायचा असे, आणि तिथेच तिची वेळ संपे. तिसरी खेप उद्यावर आली होती आणि ऑफिस चौथी संधी देणार नव्हतं.

तिच्या सासऱ्यांना सगळे टेलरमास्तर म्हणत. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण सुनेचं कौतुक पोटात मावत नसे. दुकान बंद केल्यापासून ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. एवढ्या गुंत्यात न गोंधळणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. खुपायची ती एकच गोष्ट. टेबलाच्या कडेवरून एका वायरीचं टोक कायम लोंबत असे. ज्याचा जन्म लोंबते धागे कापण्यात गेला, त्याने हे किती दिवस सोसायचं?

सून आंघोळीला गेली आणि मास्तरांचे हात शिवशिवले. कापायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी ते टोक एका रिकाम्या भोकात सरकवलं. काजात बटण बसावं तसं ते टक्कन बसलं. वर निळ्या दोऱ्याचा एक सुबक टाकाही त्यांनी वायरीला घातला. तोच सगळे दिवे वेड्यासारखे नाचायला लागले. मास्तरांना वाटलं, पेटी खूश झाली.

"नेट कोणी घालवलं?" आतल्या खोलीतून मुलगा ओरडला. "साहेब बोलता बोलता गोठले!"

"माझी ताई कुठे गेली?" सासूबाई फोन हलवत आल्या. "आत्ता तर गुडघ्याचं सांगत होती."

पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे वकील धडधडत उतरले. ते याच घरचं नेट वापरत. वर काळा कोट, खाली पायजमा. "अहो, न्यायाधीशांनी प्रश्न विचारलाय आणि मी तिकडे आ वासून थिजलोय!"

डोक्याला टॉवेल गुंडाळलेली सून बाहेर आली तेव्हा सगळे टेबलाभोवती उभे होते.

"तुझ्या या पसाऱ्यानेच घात केला," मुलगा म्हणाला.

"उचल गं ते सगळं," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर घाबरत पुढे झाले. "पोरी, मी जरा..."

"बाबा, काही सांगू नका!" तिचे डोळे चमकले. "वकीलसाहेब, वेळ लावा."

वकिलांनी निमूट घड्याळ बघितलं. तिची बोटं लॅपटॉपवर धावू लागली आणि मास्तर आपली भीती विसरून गेले. पोरगी कुणावर चिडली नाही, की वायरी उपटत सुटली नाही. एक शंका घ्यायची, तपासायची, बाजूला ठेवायची. महागाचं कापड बेतताना चांगला कारागीर असाच असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"एकच निरोप गोल गोल फिरतोय," ती पुटपुटली. "तो अडवायची सोय मी सरावासाठी बंद ठेवली होती. म्हणजे कुठल्यातरी वायरीची दोन्ही टोकं या पेट्यांतच अडकलीत." तिने बोट फिरवत फिरवत ती वायर गाठली आणि उपसली. दिवे शांत झाले. आतून साहेबांचा आवाज आला, तसा मुलगा आत पळाला आणि वकील वर.

"पण झालं कशाने?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेच्या मुठीत निळा टाका घातलेलं वायरीचं टोक होतं. तिने मास्तरांकडे पाहिलं. "माझंच चुकलं असेल, आई."

सासूबाई फोन घेऊन आत गेल्यावर मास्तर सुनेजवळ आले. "मीच केलं गं. उद्या तुझी परीक्षा आणि मी हे असं..."

"अहो बाबा, सरावातले बिघाड मीच करते, त्यामुळे उत्तर आधीच ठाऊक असतं. असा बिघाड मला कोणी दिलाच नव्हता." तिने घरच्या नेटची वायर वेगळी केली. "मी आत जाते. तुम्ही आवरा."

"काय आवरू?"

"लोंबतं दिसेल ते सगळं."

संध्याकाळपर्यंत मास्तरांनी पुन्हा पुन्हा आवरलं आणि सुनेने पुन्हा पुन्हा शोधलं.

निकाल आला. सून पास झाली! सासूबाईंनी तिला मिठीच मारली.

"बिघाड अवघड होते का गं?" मास्तरांनी विचारलं.

"छे! मनापासून आवरलेलं नव्हतं कोणी."

"चला, आता टेबल मोकळं करा," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी खिशातलं निळं रीळ चाचपलं. "राहू दे थोडे दिवस," ते म्हणाले. "यापुढचीही एखादी परीक्षा असेलच की."