बॉनेटखालचे साहेब

आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी आणली, की पेढ्यांच्या आधी शेडगेकाका पोचतात. रंगाचं कौतुक नाही, मायलेजची चौकशी नाही. बॉनेटवर दोन टिचक्या मारतात, कान लावतात आणि अदबीनं विचारतात, "साहेब हायत का आत?"

साहेब म्हणजे इंजिनावर राज्य करणारा तो छोटा कॉम्प्युटर. काकांच्या मते पूर्वी इंजिन आपलं काम आपणच करायचं. आता पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळ्याच्या फायली साहेबांकडे जातात. सही झाली तर गाडी चालू. साहेब रुसले की समोर पिवळा दिवा. मग मालकानं सर्व्हिस सेंटरच्या एसीत बसून फुकटची कॉफी प्यायची आणि साहेबांचं काय दुखतंय ते दुसऱ्या कॉम्प्युटरकडून ऐकायचं. "साहेब फकस्त साहेबाशी बोलतो," काका सांगतात. "फिटरशी बोलला तर त्याची इज्जत जाती."

काका तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. मूळचे साताऱ्याकडचे. कोपरखैरण्यात सगळी नोकरी काढली, पण बोली बदलली नाही आणि गाडीही. गाडीनं पंचविशी कधीच ओलांडली आहे. तिच्यात साहेब नाहीत, कार्बोरेटर आहे. त्यात हवा आणि पेट्रोल एकमेकांत मिसळतात, आणि मिसळायचं नसेल त्या दिवशी मिसळत नाहीत. सकाळी ती सुरू झाली, की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद होतात. काकांना वाटतं, लोक एसी लावतात.

एकदा कांदे आणायला एपीएमसी मार्केटला त्यांच्याबरोबर जाण्याचं पुण्य मी पदरात पाडून घेतलं. आधी चोक ओढायचा. मग अ‍ॅक्सिलरेटर दोनदाच दाबायचा, तिसऱ्यांदा दाबला तर "तिला ठसका लागतो". वाशीच्या सिग्नलला गाडी बंद पडलीच. मागे टेम्पोवाले हॉर्नवर झोपले. काका शांतपणे उतरले, बॉनेट उघडलं, कार्बोरेटरमधून जेट नावाची पितळेची नखाएवढी चीज काढली, तोंडानं फुंकली, परत बसवली. पाच मिनिटांत गाडी सुरू. मला म्हणाले, "बघितलंस महेश? जी गाडी तोंडानं फुंकून दुरुस्त होत न्हाय, ती गाडीच न्हवं." या न्यायानं शंख ही जगातली सर्वोत्तम गाडी ठरते, पण अजून घरी पोचायचं होतं म्हणून मी गप्प बसलो.

ती दर आठवड्याला बंद पडते याचं काकांना काहीच वाटत नाही. पाच मिनिटांत दुरुस्त होते याचाच त्यांना अभिमान. आमच्या गाड्या बंदच पडत नाहीत, हा त्यांच्या लेखी आमच्या गाड्यांचा दोष.

या सगळ्यात मेख अशी, की काकांचा एकुलता एक मुलगा नितीन जर्मनीत साहेबच घडवतो. म्हणजे त्या इंजिनाच्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. दीड वर्षापूर्वी तो आला होता, तेव्हा पार्किंगमध्ये दोघांची जुंपली. अख्ख्या बिल्डिंगनं ते गॅलरीतून ऐकलं, मीही ऐकलं. नितीन म्हणाला, "आबा, तुम्ही करता त्याला रिपेअरिंग नाही, सेवा म्हणतात. तुमच्यानंतर या गाडीला कोण हात लावणार?" काका म्हणाले, "माझी निदान मला तरी उघडता येती. तू बनवतोस ते तुलाबी उघडता येत न्हाय. बिगडलं की फेका. असलं काम करायला शिकवलं व्हय तुला?"

नितीन ठरल्यापेक्षा चार दिवस आधी परत गेला. तेव्हापासून त्याचा फोन काकूंच्या मोबाईलवर येतो, रविवारी दुपारी. त्या वेळी काका पार्किंगमध्ये येऊन धडधाकट गाडीचं बॉनेट उघडून उभे राहतात. काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "दोघंबी विचारत्यात, तो कसा हाय, ते कसे हायत. मी आपली मधी वायरीसारखी."

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझी गाडी गेली. दोन वर्षांची, गुणी, हप्त्यांवरची गाडी. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन सुरू होईना. सर्व्हिस सेंटरचा तंत्रज्ञ आला, त्यानं आपला कॉम्प्युटर जोडला, पण आतल्या साहेबांनी त्याच्याशी एक शब्द बोलायचं नाकारलं. त्यानं निदान केलं, कंट्रोलर, म्हणजे साहेबांचा डबाच गेला, अख्खा बदलावा लागेल, पार्ट यायला तीन आठवडे. मी विचारलं, उघडून बघता येत नाही का? तो माझ्याकडे दयेनं बघून हसला आणि गेला.

काका लांबून सगळं बघत होते. मला वाटलं, आता टिचक्या. पण ते करंट तपासायचा टेस्ट लॅम्प आणि पकड घेऊन आले आणि बॉनेटमध्ये वाकले. बराच वेळ खुडबूड केली. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "ह्यातलं मला कळत न्हाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. मला जरा विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं.

"नितीनला लाव," ते म्हणाले. "तुझ्या फोनवरनं." माझ्याकडे त्याचा नंबर नव्हता. काकांनी तो घडाघडा सांगितला, जर्मनीच्या कोडसकट, एकही आकडा न अडखळता.

तिकडे पहाट असावी. झोपेतला हॅलो आला. दीड वर्षानंतर बापाचं पहिलं वाक्य होतं, "डब्याला करंट कुठल्या पिनीवर येतो?"

पलीकडची झोप उडाली. मग, "आबा?"

"व्हय. महेशची गाडी हाय. पिन सांग."

नितीननं गाडीचं मॉडेल विचारलं. हा डबा आमच्या कंपनीचा नाही, म्हणाला, पण शोधू. मला त्यानं स्टीअरिंगसमोर बसवलं. डबा जागा असेल तर चावी अर्धी फिरवली की पिवळा दिवा लागायलाच हवा, तो लागतच नाही, म्हणजे डब्यापर्यंत करंटच पोचत नाहीये. डबा ठीक असेल, वायर तपासा. मग तो पिना सांगत गेला आणि काका स्पीकरवर ठेवलेल्या फोनसमोर वाकून एकेक तपासत गेले. "न्हाय." "पुढची बघा." "हिच्यावर बी न्हाय." त्या सबंध वेळात काकांनी डब्याला एकदाही साहेब म्हटलं नाही.

बॅटरीच्या खाली सापडली. उंदरानं कुरतडलेली वायर. काकांनी ती सोलली, पिळली, टेप गुंडाळली आणि मला चावी फिरवायची खूण केली. पिवळा दिवा लख्ख लागला. मी खिडकीतून अंगठा वर केला. काकांनी खिडकीशी येऊन दिवा पाहिला.

"लागला का, आबा?" फोनमधून विचारणा झाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायला हात मोकळे नव्हते.

"न्हाय," ते म्हणाले. "अजून न्हाय लागला."

मग नितीन म्हणाला, "बरं. मग पहिल्या पिनेपासून परत बघू. तुम्हाला घाई नाही ना?"

"मला कसली घाई?"

मी आवाज न करता चावी मागे फिरवली, दिवा विझवला आणि माझी धडधाकट गाडी आणखी पाऊण तास बिघडलेलीच राहू दिली.